पोटमाळ्याची तक्रार

४ मार्च, मंगळवार

कौन्सिलचं पत्र. काम थांबवा! पोटमाळ्यावर खोली काढताय आणि बांधकाम तपासणी खात्याला कळवलेलं नाही, अशी तक्रार आली आहे म्हणे. कुणाची, ते सांगत नाहीत. सांगायला कशाला हवं? शेजारचा विल्फ एंट्व्हिसल! मधली भिंत सामाईक, दोन आठवडे करवतीच्या नावाने कुरकुरतोय.

ब्रायनी ईस्टरला येतेय — नवऱ्याला कायमचं सोडून, दोन वर्षांच्या पोरीला घेऊन. माझ्या लेकीला झोपवू कुठे? बाथटबमध्ये?

५ मार्च

गॅरेथ मिस्त्रीला फोन. म्हणतो, "मागच्या बाजूला छपरात खिडकी बसवायला परवानगी लागत नाही, हे खरंच आहे हो. तपासणी वेगळी. ती लागतेच."

मग कळवायचं कुणी?

"मला वाटलं, तुम्ही कळवलं असेल."

मला वाटलं! फोन आपटला. क्लाइव्ह म्हणाला, "जरा शांत हो." चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला हे एकच वाक्य येतं.

८ मार्च

विल्फने कुंपणावरून बागेतल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी पुढे केली, दरवर्षीसारखी. मी ती त्याच्याच पायाशी टाकली. अख्खी गल्ली ऐकत होती. "चहाड्या करायच्या आणि वर रुबार्ब वाटत फिरायचं?"

"कसली चहाडी गं, ग्लेनिस?"

ऐंशी वर्षांचं वय, आणि काय ते सोंग!

१३ मार्च, गुरुवार

तपासनीस बाई आल्या. मिस हेब्डन. तिशीचीही नसेल. जिन्यावर टेप लावली — डोक्यावर दोन मीटर मोकळं हवं, आहे पावणेदोन. वरून बाहेर पडायच्या वाटेवरचा प्रत्येक दरवाजा आग अडवणारा हवा. म्हणजे माझे रंगीत काचांचे दरवाजे भंगारात! मी भांडले. "एकशेवीस वर्षं घर उभं आहे. जळलं का कधी?"

"एकशेवीस वर्षांत वर कुणी झोपलंय का?"

उद्धट कार्टी. मग तिने छपराखाली विजेरी धरली आणि मला जवळ बोलावलं. वासे पेलणारं मधलं आडवं लाकूड गॅरेथने सरळ कापून टाकलंय, खोली मोकळी दिसावी म्हणून. तिथे लोखंडी तुळई हवी होती. आहेत चार टेकू.

"आजपासून वर कुणीही जायचं नाही."

"मग छप्पर उभंय कशावर?"

"मीही तेच बघतेय," म्हणाली.

नातीची खाट नेमकी तिथेच ठेवायची ठरवली होती मी.

१४ मार्च

गॅरेथ फोन उचलत नाही. हरामखोर!

१९ मार्च

नवा माणूस मिळाला. तुळईचं टोक सामाईक भिंतीत बसणार, म्हणून विल्फची लेखी संमती हवी. मी मेले तरी जाणार नव्हते. क्लाइव्हला पाठवलं. पाच मिनिटांत सही घेऊन आला.

"काही म्हणाला?"

"पोरगी कधी येतेय, विचारलं."

इतका राग आला! भांडला असता तर बरं झालं असतं.

२३ मार्च, रविवार

जेवताना मी म्हणाले, विल्फच्या चहाडीने छप्पर वाचलं, मान्य. पण तोंडावर सांगायची हिंमत नव्हती त्याच्यात.

क्लाइव्हने काटा खाली ठेवला. "कौन्सिलला फोन विल्फने नाही केला. मी केला."

गॅरेथला चहा द्यायला वर गेला होता, तेव्हा कापलेलं लाकूड बघितलं म्हणाला.

"आणि मला नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, तुला काय कळतंय त्यातलं, ईस्टर तोंडावर आलाय."

मला काहीच आठवत नाही. खोटं बोलतोय म्हणून ओरडणार होते. तो माझ्याकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. ओरडले नाही.

२४ मार्च

विल्फची घंटा वाजवली. त्याने दार उघडलं, मला पाहिलं, आणि पटकन एक पाऊल मागे सरला. मला घाबरून.