मंडळी दिवसेंदिवस वाढत आहे

प्रिय आत्या,

तुझ्या उपद्व्यापी भाच्याचा प्रभूच्या नावात सलाम. गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस असं डॉक्टरांनी बजावल्यावर तू वरच्या मजल्यावरचं सगळं सामान स्वतःच खाली आणलंस म्हणे (त्यासाठी किती वेळा जिना चढलीस, ते डॉक्टरांना सांगू नकोस). इकडे सर्व खुशाल. म्हणजे तुझी सून खुशाल आहे, आणि मी तोंड लपवून फिरतो आहे.

तुला माहीतच आहे, दिवसभर मी पाणीपुरवठा कचेरीत लोकांच्या तक्रारी लिहून घेतो आणि घरी आलो की स्वतःच्या लिहितो. लिहायला बसण्यापूर्वी न चुकता प्रार्थना करतो की प्रभो, माझे शब्द लोकांपर्यंत पोहोचू दे. इतकी वर्षं ते पोहोचत नव्हते. (माझं पुस्तक छापणारे गृहस्थ अजून त्याच गठ्ठ्यांवर बसून जेवतात.) गेल्या महिन्यात मात्र प्रभूने ऐकलं. एका दिवसात माझं लिखाण सगळ्या वस्तीने वाचलं, काहींनी मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या वेळी मी कोणत्या अर्थाने पोहोचू दे, हेही प्रार्थनेत सांगणार आहे.

झालं असं, की आपल्या पाळकसाहेबांना इथे येऊन दहा वर्षं झाली म्हणून चर्चच्या मासिक पत्रकात त्यांच्यावर चार गौरवाचे शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून लिहिलं. आता चर्चला जमणाऱ्या सगळ्यांना मिळून आपण काय म्हणतो? मंडळी. त्यात माझं काय चुकलं, तूच सांग. पण आतोबा जिवंत असताना चारचौघांत तुझा उल्लेख कसा करायचे, ते आठव. 'आमची मंडळी आज माहेरी गेली आहे.' हा दुसरा अर्थ माझ्या डोक्यातून साफ गेला होता. वाचणाऱ्यांच्या डोक्यात मात्र तो ठाण मांडून बसला होता.

मी लिहिलं होतं: 'साहेब इथे आले तेव्हा त्यांची मंडळी अगदी लहानशी होती. आज ती दिवसेंदिवस वाढत आहे, आणि लवकरच बाक अपुरे पडतील. पूर्वी मंडळी गोड गात असे. अलीकडे तिचा सूर सुटतो, पण देव अंतःकरण पाहतो. साहेबांनी मंडळीला प्रसंगी फटकारलं, तरी तिने त्यांना सोडलं नाही.' इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण नदीपलीकडच्या वस्तीत साहेब नवीन उपासना चालवतात, त्याचं कौतुक राहायला नको म्हणून शेवटी घातलं, की 'साहेबांनी आता पलीकडे दुसरी मंडळी उभी केली असून महिन्यातला एक रविवार ते तिच्याकडे असतात.'

साहेब पोट धरधरून हसले म्हणे. मग समोर बसलेल्या पाळकबाई हसत नाहीत असं त्यांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून ते चहा व्हरांड्यात पितात.

मी घाबरून पुढच्या पत्रकात खुलासा दिला, की 'मागील अंकात वाढलेली मंडळी म्हणजे पाळकबाई नव्हेत. पाळकबाई होत्या तेवढ्याच आहेत.' ज्यांना पहिल्यांदा कळलं नव्हतं, त्यांनाही आता कळलं. लेखक माणसाने माफीसुद्धा लिहून मागू नये. लिहिताना ती सुधारत बसण्याचा मोह होतो, आणि सुधारलेली माफी वाईट असते.

खरी गोष्ट आता सांगतो. पाळकबाई गायच्या थांबल्या. रविवारी येतात, शेवटच्या बाकावर बसतात, गीतांचं पुस्तक उघडतात आणि ओठ मिटून ठेवतात. तू गाव सोडताना गायनाचा गट त्यांच्या हाती दिला होतास ना, तो आता पोरका झाला आहे. वरच्या पट्टीत जायला कोणी धजत नाही. परवा साहेबांनी नेमका क्षमेवर संदेश दिला आणि तो संपेपर्यंत मी छताचे पंखे बघत बसलो.

आत्या, मला फार वाईट वाटतं गं. तुझ्यापाशी म्हणून सांगतो, माझा विश्वास काही तुझ्यासारखा भक्कम नाही. निम्म्या रविवारी मी सवयीने जातो. प्रार्थना करताना वर कोणी ऐकतंय की मी आपला कचेरीतल्यासारखी तक्रार नोंदवतोय, अशी शंका येते. पण पाळकबाईंनी वरचा सूर धरला की ती शंका तेवढ्यापुरती गप्प बसायची. इतकं जीव ओतून कोणी गातं, म्हणजे कोणीतरी ऐकत असलंच पाहिजे, असं वाटायचं. ते मी माझ्या हाताने बंद पाडलं.

असो. तब्येतीला जप, औषधं वेळेवर घे आणि माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझा,
लेखक (नाइलाजाने)

ता. क. तब्येतीची चौकशी मनापासूनच होती, पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. पाळकबाई तुझा शब्द मोडत नाहीत. तू त्यांना लिही ना, की भाचा मूर्ख आहे पण दुष्ट नाही. (हवं तर पहिल्या भागावर भर दे.)

दुसरा ता. क. हिने पत्र वाचलं. शुद्धलेखन ठीक आहे म्हणाली, पत्ता तेवढा चुकलाय. हे पत्र तीनशे मैलांवर पाठवायचं नाही, शेजारी पाळकबाईंच्या घरी द्यायचं आहे. मी म्हटलं, समोर उभं राहायची माझी छाती होत नाही. ती म्हणाली, मग उभा राहू नकोस. जाऊन येतो.

तिसरा ता. क., वेगळ्या हातचा. आत्याबाई, सलाम. तुमच्या भाच्याने हे पत्र आमच्या दाराखालून सरकवलं आणि पळाला, म्हणून पोस्टात मीच टाकते आहे. वाढल्याचं मला काही वाटलं नव्हतं, घरात आरसा आहे. दुसऱ्या मंडळीचंही नाही, साहेबांना एक सांभाळता सांभाळता नाकीनऊ येतात. लागलं ते सुराचं, कारण ते खरं आहे. गेलं वर्षभर वरचा सूर माझ्या गळ्यात उरलेला नाही. कसाबसा ओढून नेते. कोणाला कळत नसेल असं वाटायचं, आणि मग ते छापूनच आलं. त्याला ते कळलंच नव्हतं, हे आज समजलं. त्याला मी काही सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. येत्या रविवारपासून गाणार आहे, खालच्या पट्टीत. तिथूनही वर ऐकू जातं की नाही, ते त्यालाच बसून ऐकू दे.