कुलूपवाली डिक्की

३ फेब्रुवारी, सोमवार

माह्यी बॅग चिरली कोणीतरी! विळ्यानं. वरपासून खालपर्यंत. ओसरीत गाडीले अडकवून मी चहा घ्यायले आत गेली, तेवढ्यात. आतला पांढरा ड्रेसही गेला. घरूनच ड्रेस घालून निघाव म्हणलं तर तळेगाव ते कारंजा सगळा हायवे, ट्रकच्या धुरानं पोचेपर्यंत काळा होते.

तशीच दवाखान्यात गेली, धुळीच्या कपड्यात. मेट्रनबाईनं पेशंटसमोर ऐकवलं — "उज्वला, असं यायचं असेल तर येऊच नकोस." अजून पक्की नाई मी. मार्चमंदी ठरवणार हायेत, ठेवाचं का काढाचं.

ज्यानं केलं त्याचे बोटं त्याच विळ्यानं कापाव वाटते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आदेशच असन. माहा दीर. त्याले गाडी पायजे, वांगे अन् सांबाराच्या हिरव्या जुड्या बाजारात न्यायले. अन् गाडी दिवसभर माह्याजवळ. पानठेल्यावर म्हणे बोलला — "वहिनी गाडी हाकलते, दादा घरी वांगे निवडते." नीरजनं येऊन सांगतलं मले. सांगताना त्याचं तोंड पडलं होतं. बायकोपायी नवऱ्याले असं आयकाव लागते, मले लय वाईट वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

नीरजसंग नवीन बॅग घ्यायले गेली. गाडी मी चालवली, तो मागं. ठेल्यावरचे पोट्टे हासले — "नीरजभाऊ, घट्ट पकडून बसजो!" नीरजही हासला.

दुकानात तासभर खाल्ला. पाठीवरची सॅक नको, ट्रक बाजूनं गेला का हवा भरते अन् माणूस मागं ओढल्या जाते. टाकीवरची चुंबकवाली पायली, आमची टाकी चेमटलेली, बसतच नाई. शेवटी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधाची, जाड कापडाची घेतली. नीरजनं एक एक चेन ओढून पायली. पट्टा हातावर गुंडाळून झटके देल्ले. "हे घे उजू, हिच्यावर विळा नाई चालत." दुकानदार म्हणे, असा नवरा पायला नाई. खरंच, जीव भरून आला माहा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डाव्या हातानं लिहून राह्यली.

धाब्याच्या पुढं ट्रक ओव्हरटेक करून राह्यला होता. मागं पट्टा तुटला, बॅग सरकून चाकात गेली. गाडी आडवी झाली अन् मी डांबरावर घासत गेली. मागच्या ट्रकचं चाक माह्या डोक्याजवळ थांबलं. टायरचा जळका वास नाकातून अजून जाऊन नाई राह्यला. कोपराचं मास गेलं, गुडघ्यातलं हाड दिसलं. दुसऱ्याईच्या जखमा रोज बांधतो आपण, स्वतःची पायली तर उलटी झाली.

पट्टा हातात घेऊन पायला. अर्ध्यापर्यंत सरळ कापलेला, पुढं फाटलेला. म्हणजे कापून ठेवला होता. हे बॅग फाडणं नाई, हे मारणं हाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आदेशले मारलं.

लंगडत वावरात गेली. तो कोबी कापत होता, विळा हातातच. पट्टा तोंडापुढं धरला. "मी नाई केलं वहिनी. गाडी पायजे मले, पण तुमचा जीव कायले घेऊ?" म्हणे. विळा दिसला अन् माहं डोकं फिरलं. हातातलं हेल्मेट तोंडावर हाणलं. तो खाली पडला, उठला. नीरज धावत आला. मले वाटलं मले ओढते. तर त्यानं मागून आदेशचेच हात धरले. "मार," म्हणे.

मी मारलं. थांबलीच नाई. आत काहीतरी मोडलं ते मले ऐकू आलं. कोबीवर रक्त उडलं. धुऱ्याच्या बांधावरून आत्याबाई, माही सासू, वरडत आल्या — "अवं मरन तो, लेकरू हाय माहं!" तवा सोडलं.

खोटं काऊन लिहू? बरं वाटलं मले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आदेशचा जबडा मोडला. नागपूरले नेलं, तारेनं बांधला. मामाजीनं, माह्या सासऱ्यानं, सगळ्याईले ट्रॅक्टरवरून पडला म्हणून सांगतलं. आत्याबाई माह्या हातचं पाणी घेऊन नाई राह्यल्या.

भेटाले गेली मी. त्याले बोलता येत नाई. माह्याकडं पाहून नुसती मान हालवत होता, नाई-नाई. त्याच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. नीरज म्हणे, नाटकं हायेत, चाल.

२३ फेब्रुवारी, रविवार

आता कापडाचं कामच नाई. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी डिक्की करून घेतली, गाडीच्या बाजूले नटबोल्टनं कसली. वरून पितळी कुलूप. चाव्या दोनच. एक माह्या गळ्यातल्या पोतीत ओवली. दुसरी नीरजनं करदोड्याले बांधली. "करदोडा आंघोळीलेही काढत नाई मी, बिनधास्त राय." नवा ड्रेस रोज रातीच आत घालून ठेवाचा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मेट्रनबाई म्हणाल्या, "आता कशी शोभतेस!" पक्कं होईन वाटते. येताना ठेल्यावरच्या पोट्ट्याईले नीरजच्या नावानं ओरडताना आयकलं. थांबली नाई.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कुलूप जसंच्या तसं होतं. मी माह्या चावीनं उघडलं. आत ड्रेसच्या चिंध्या.

आदेश अजून नागपूरलेच हाय, जेवणही पाइपनं पिते.

अंगणातून नीरज आवाज देऊन राह्यला — "उजू, चाल वं, दुसरी डिक्की पाहू."

हेल्मेट घेतलं हातात.