गॅरेज धाकट्याला, पण एका अटीवर

मी, खाली सही करणारा, गाड्या दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला माणूस, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. बायकोचे मत वेगळे आहे, पण ते जोडावे लागत नाही असे वकीलसाहेब म्हणाले.

मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांपर्यंत गेला आहे. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण आमच्या घरात असल्या गोष्टी कोणी लिहीत नाही की बोलत नाही. वडील याच दुखण्याने गेले. आम्ही दोघे भाऊ लोकांना 'वय झालं होतं' एवढेच सांगत राहिलो.

कलम १. राहते घर बायकोला, तिच्या पश्चात मुलीला. पलंगावर बायको खिडकीकडे झोपते आणि मी दाराकडे, कारण मला लघवीला सारखे उठावे लागे. "डॉक्टरकडे जा" असे सगळ्यांच्या आधी तीच म्हणाली होती. यापुढे तिने पलंगाच्या मधोमध झोपावे. माझ्या उठबशीपायी तिची झोप फार मोडली, आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण प्रेमाने केली.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी मुलीला आणि निम्मी पुरुषांच्या या आजाराविषयी फिल्म काढणाऱ्या संस्थेला. त्यांनी माझ्यावर एक छोटी फिल्म काढली, त्याची हकिगत इथे नोंदवतो. कॅमेरा लागल्यावर आजाराचे नाव काढताना माझी बोबडी वळली. पाईप चोंदतो, दाब कमी होतो, टाकी पूर्ण रिकामी होत नाही, असे मी बराच वेळ सांगत बसलो. फिल्म काढणाऱ्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, इंजिनाचं कळलं. आता तुमचं सांगा." मग मात्र मी आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. वडिलांचेही सांगितले. माझ्या मागे धाकटा भाऊ पाना हातात धरून उभा होता. तोही फिल्ममध्ये आला आहे, आणि त्याचे तोंड एरंडेल प्यायल्यासारखे दिसते.

कलम ३. माझी जुनी दुचाकी मेव्हण्यांना, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांना, द्यावी. चारचाकी त्यांच्या हाती देऊ नये, खांबांची दया येते. त्यांनी नेलेला जॅक मी सोडून दिला आहे. पण एक गोष्ट सोडलेली नाही. फिल्म पहिल्यांदा दाखवली तेव्हा संस्थेने सभागृह घेतले आणि 'फक्त पुरुषांसाठी' अशी पाटी लावली. सभागृह भरले बायकांनी. आमच्या एकूण एक पुरुषांनी आपापल्या बायकांना धाडले होते. मेव्हण्यांनी बहिणीला सांगितले होते, "तू बघून ये आणि मला थोडक्यात सांग." बहीण म्हणाली, "थोडक्यात म्हणजे काय सांगू? प्रोस्टेट तुमचं आहे, माझं नाही." बिचारी फिल्मवाली मुलगी रडकुंडीला आली.

त्यावर तोड मी काढली. गाडी खोलून ठेवली की गिऱ्हाईक जागचे हलत नाही, हे कोणत्याही गॅरेजवाल्याला ठाऊक असते. गॅरेजात गिऱ्हाइकांच्या बाकासमोर टीव्ही लावला आणि इंजिन उघडले की फिल्म सुरू. माणसे आधी मोबाइलमध्ये तोंड घालून बसत. मग कोणीतरी माझ्या शेजारी येऊन, बॉनेटखाली वाकून, स्पार्क प्लगकडे बघत हळूच विचारी, "तपासणीत नक्की काय करतात हो?" मीही प्लगकडे बघूनच सांगे. समोरासमोर बघितले असते तर एकानेही विचारले नसते. ही पद्धत संस्थेने बाकीच्या गॅरेजांत न्यावी, निम्मी ठेव त्यासाठी आहे.

कलम ४. गॅरेज, जागा, हत्यारे आणि नाव हे सर्व धाकट्याला. तो माझ्यापेक्षा चांगला कारागीर आहे, हे त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे सांगतो. फिल्म आल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. "दादा, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" हे त्याचे शेवटचे वाक्य. पाना हवा असला तरी त्याच्या वहिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन करून निरोप देतो, आणि मी चार हातांवर उभा असतो. मला त्याचा राग येत नाही, भीती वाटते. बाप तोच आणि रक्तही तेच. तपासणीचे नाव काढले की तो गाडीखाली सरकतो.

म्हणून अट अशी. माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत त्याने तपासणी करून रिपोर्ट वकीलसाहेबांना दाखवावा. न दाखवल्यास संपूर्ण गॅरेज मेव्हण्यांच्या मालकीचे होईल.

कलम ५. वरील मजकूर वकीलसाहेबांनी धाकट्याला वाचून दाखवला. मेव्हण्यांचे नाव ऐकताच तो तडक माझ्याकडे आला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलला. त्याचे बोलणे जसेच्या तसे लिहितो.

"दादा, तुझी अट ठेव तुझ्यापाशी. तपासणी केली मी. दिवसभर टीव्हीवर तुझंच चालू, गाडीखाली पडलेला माणूस पळून कुठे जाणार? रक्त दिलं, मग तुकडा काढून तपासला. निघाला. मलाही निघाला."

मी म्हटले, "अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पुढच्या फिल्ममध्ये उभं केलं असतंस."

मग बाकावर माझ्या शेजारी बसला. समोरच्या उघड्या बॉनेटकडे बघतच मी विचारले, डॉक्टर काय म्हणाले? तो म्हणाला, "बाहेर पसरलेला नाही. 'वेळेत आलात' म्हणाले."

हे वाक्य आमच्या वडिलांना कोणी म्हटले नाही. मलाही म्हटले नाही. आमच्या घरात ते धाकट्याला पहिल्यांदा ऐकायला मिळाले, आणि मी गिऱ्हाइकांसमोर रडलो, त्याची मला लाज वाटत नाही.

सबब कलम ४ मधील अट रद्द. गॅरेज धाकट्याचे, विनाअट. त्याने ते खूप वर्षे चालवावे, एवढी इच्छा आहे, पण ती कायद्याने बंधनकारक नाही असे वकीलसाहेब म्हणतात.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

(सही) थोरला मिस्त्री

साक्षीदार:
१. शेजारच्या सलूनचे मालक (सही, तपासणीची वेळ घेतली आहे असे त्यांनी आपणहून सांगितले)
२. फिल्म काढणारी मुलगी (सही)

ठिकाण: गॅरेज, गिऱ्हाइकांचा बाक.

दिनांक: आकडा वकीलसाहेब घालतील. माझ्या लेखी, धाकट्याच्या ऑपरेशनचा आदला दिवस. उद्या त्याच्याबरोबर दवाखान्यात मी जाणार आहे.