धोंडप्पाची युरिक अॅसिडची गोळी

३ मार्च
पायाचा अंगठा टम्म सुजला. शेजारच्या धोंडप्पाने त्याच्या युरिक अॅसिडच्या गोळ्या आणून दिल्या. म्हणाला, "घे की, मला लई गुण आलाय." डॉक्टरला कशाला पोसायचं? बत्तीस वर्षं हेडक्लार्की केली, एक गोळी कळत नाही मला? सुनेला मात्र सांगायचं नाही. देवयानी औषधांच्या दुकानात बसते आणि घरात सगळ्यांना अक्कल शिकवते.

१० मार्च
अंगठ्याची सूज उतरली. देवयानीसमोरून चार वेळा चाललो. विचारलंसुद्धा नाही. घमेंड.

२० मार्च
ताप. छातीवर लाल चट्टे. सोलापूरचं ऊन, दुसरं काय. देवयानी विचारते, नवीन गोळी चालू केलीत का? साफ नाही म्हणालो. मोठी आली चौकशी करणारी.

२१ मार्च, सकाळ
डोळे लाल. ओठ फुटले, तोंडात फोड. देवयानीने शेंगाचटणीत तिखट वाढवलंय, मुद्दाम. बायको, प्रभा, म्हणते गोवर. तिने उशाशी कडुलिंब ठेवलाय. अडुसष्टाव्या वर्षी गोवर! अशक्तपणा नको म्हणून आज धोंडप्पाच्या दोन गोळ्या घेतल्या.

२२ मार्च, दवाखाना
अंग पुसताना खांद्याची कातडी टॉवेलबरोबर निघून आली. देवयानीने रिक्षात कोंबलं. डॉक्टरने तीनदा विचारलं, कुठली गोळी? सांगायचं म्हणजे हिच्यासमोर नाक कापून घ्यायचं. ऊन लागलं म्हणालो. मग ती जवळ येऊन हळू बोलली. "बाबा, जी गोळी घेताय तीच अंगावर उठलीय. ती थांबली नाही तर डोळे जातील. जीवही जाईल. सांगा."
लई भीती वाटली. ती वळल्यावर खिशातली गोळी गिळली. कोर्स अर्धवट सोडू नये. अक्षर नीट दिसत नाहीये.

१६ एप्रिल
काल घरी आलो. डोळे वाचले. मी शेवटपर्यंत नाहीच म्हणत होतो. दवाखान्यातच देवयानीने उशाखालची ही वही उघडली, खिशातली गोळ्यांची पट्टी काढून डॉक्टरांना दिली. म्हणून जिवंत आहे.
म्हणजे तिने सगळं वाचलंय. लाज वाटते.
आज माफी मागायचीच, असं सकाळीच ठरवलं. ती पेज घेऊन आली. दोनदा घसा खाकरला. म्हणालो, मीठ कमी आहे.
तिने मीठ आणून घातलं. तोंडातल्या फोडांना असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. वाटी संपवली.