डावा खण

४ जानेवारी

चि. पाचर हिस मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तासभर करवतीला धार लावत बसले. म्हणजे नव्या विकास आराखड्यात कुणा शहाण्याने आमच्या गल्लीवर पिवळा रंग फासला. पिवळा म्हणजे फक्त राहती घरं, म्हणून माझा सुतारकामाचा कारखाना बेकायदा! आणि माझी सख्खी भाची, जमीनवापराच्या कायद्यात जिचं नाव घेतात ती वकीलबाई, मला कळवते की मागे इमारत बांधणारा बिल्डर दोन खोल्या देतोय, त्या घे आणि आराम कर.

आराम करून काय करू गं? खिडकीत बसून त्याच्या इमारतीचे मजले मोजू? हात चालतात तोवर मी इथून हलणार नाही. तुझे काका असते तर त्या बिल्डरला चहा पाजून वाटेला लावलं असतं. ते गेले त्याला सहा वर्षं झाली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी चहासुद्धा पाजणार नाही.

जन्मभर तू बिल्डरांना नकाशातले रंग बदलून दिलेस. आता एकदा मावशीसाठी भांड. जिथे तिथे मध्ये घुसतेस म्हणून काकांनी तुला पाचर म्हटलं होतं. आता घूस की!

लोभ आहेच, त्याला वाळवी लागू देऊ नकोस.

तुझी मावशी

१९ जानेवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

बोलणी पोटभर खाल्ली. तुझी वकील म्हणून उभी राहिले आहे. माझ्या साहेबांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, बिल्डरांची कामं दुसऱ्या कुणाला द्या.

आता नीट वाच. आराखड्याच्या आधीपासून चालू असलेल्या कामाला कायदा हात लावत नाही. पण ते काम सलग वर्षभर बंद पडलं असेल तर हक्क गेला. बिल्डरने नेमकं तिथेच बोट ठेवलंय. काका गेल्यावर चौदा महिने तुझं शटर खाली होतं, असे तीन शेजाऱ्यांचे जबाब आहेत. त्या महिन्यांचं वीजबिलही जोडलंय. कारखान्याच्या मीटरवर एक युनिट नाही! मावशी, मला खरं सांग. बंद होतं का? दुसऱ्यांसाठी मी ओढूनताणून भांडते, तुझ्यासाठी मला तसं भांडायचं नाही.

कागद बघायला नगररचना कार्यालयात गेले होते. अधिकारी चांगला दिसतो, पण चिडका. त्याची चीड मात्र टेबलावर. उजवा खण लोटला की डावा आपोआप बोटभर बाहेर येतो, डावा लोटला की उजवा. दहा मिनिटं त्याचा तोच खेळ चालला होता. असली तीन टेबलं आमच्या माथी मारलीत म्हणाला. मी हसू दाबून कागदांच्या नकला काढून घेतल्या. सुनावणी १२ फेब्रुवारीला आहे. तू येशील ना?

राग ओसरो, लोभ राहो.

तुझी पाचर

२४ जानेवारी

चि. पाचर हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

शटर खाली होतं. कारखाना बंद नव्हता.

हे गेल्यावर लोक यायचे, लाकडाच्या ढिगावर बसून उसासे टाकायचे आणि माझ्याच हातचा चहा पिऊन जायचे. पंधरा दिवसांत वैतागले आणि शटर ओढलं. मागच्या दाराने ये-जा ठेवली. लाकूड कापायचं मशीन यांचं होतं. ते चालू केलं की ते पलीकडे उभे आहेत असं वाटायचं, म्हणून बटणच दाबलं नाही. चौदा महिने सगळं हाताने केलं. उजेड मागच्या खिडकीचा. मग मीटर कसा फिरेल? नंतर शटर अर्धं उघडलं, दिवे लावले, पण यांच्या मशीनला आजही हात लावलेला नाही. माल एक फर्निचरवाला मागूनच न्यायचा. तो आता या जगात नाही, त्याचं दुकानही नाही. कागद एक नाही. माझाच मूर्खपणा, दुसरं काय.

पण तुझ्या त्या चिडक्या साहेबाला सांग की टेबलात खोट नाही, गुण आहे. खण इतका नेमका बसला की आतल्या हवेला वाट राहत नाही, ती शेजारच्या खणाला ढकलते. असा खण हाताच्या रंध्यानेच बसतो, आणि तो बसवणारी या भागात मी एकटी आहे. ती टेबलं माझी आहेत गं!

आमची रीत तुला ठाऊक नाही. प्रत्येक टेबलाच्या डाव्या खणाच्या तळाला पेन्सिलीने तारीख, खाली दोघांच्या सह्या. खण उपसायला सांग. फक्त तारीख वाच. बाकी काही वाचायचं नाही, सांगून ठेवते.

मी येणार नाही. शाळेचे दरवाजे डिंक लावून वाळत ठेवलेत.

मावशी

१३ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

शाळेचे दरवाजे म्हणे! तू का आली नाहीस ते मला काल कळलं.

मी खण उपसायची मागणी करताच बिल्डरचा वकील हसला. अधिकाऱ्याने मात्र स्वतःच खण उपसून पालथा केला. मग बाकीची दोन टेबलं मागवली. तीन तारखा निघाल्या: काका गेल्यावर तिसऱ्या महिन्यातली, सातव्यातली, बाराव्यातली. वकील म्हणाला, पेन्सिलीने काय, काल रात्री कुणीही लिहील. त्यावर अधिकाऱ्याने कार्यालयाची साठ्याची वही मागवली. टेबलं त्याच वर्षी आल्याची नोंद, टेबलांवर तेच क्रमांक. मग त्याने वकिलाला विचारलं की पाच वर्षं हे टेबल माझ्या गुडघ्यांशी आहे, तर लिहिणारा आला कुठून? वर्षभर बंद असल्याचं सिद्ध होत नाही, कारखाना आहे तिथेच राहील, असा आदेश त्याने तिथल्या तिथे लिहवला.

मी तुझं ऐकलं, फक्त तारीख वाचली. पण वाचायला चष्मा लावून अधिकारीही बसला होता, आणि नोंदीसाठी सगळं मोठ्याने वाचावं लागतं म्हणाला. पहिल्या टेबलाच्या खणाखाली तुझी एकटीची सही. काकांच्या सहीची जागा मोकळी, आणि तिथे लिहिलेलं, ‘अहो, काळजी नको. कारखाना चालू आहे.’

बिल्डरच्या वकिलानेसुद्धा मान खाली घातली. मी रडले, मावशी. वकिलाने रडू नये, पण रडले.

लोभ मागत नाही, हक्काने घेते.

तुझी पाचर

१८ फेब्रुवारी

चि. पाचर हिस अनेक अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांगितलेलं ऐकायचं नाही, ही साहेबांचीही खोड दिसते. असो. माणूस बरा आहे. खणांना मेण लाव म्हणावं, चीड कमी होईल.

काल शटर पूर्ण वर केलं आणि यांचं मशीन सुरू केलं. पट्टा घसरला, पुन्हा चढवला, मग असं गरजलं की बिल्डरचा माणूस धावत आला. आवाजाने इमारतीतली गिऱ्हाईकं पळतील म्हणाला. मी म्हटलं, खिडक्या जाड बसवा, हव्या तर मीच करून देते.

संध्याकाळी नव्या टेबलाचा डावा खण बसवला. तारीख घातली, सही केली. खाली काय लिहिलं ते पुन्हा कुठल्या साहेबाने वाचायच्या आत तुलाच सांगते. शटर वर आहे, एवढंच यांना कळवलं.

तुझी मावशी