फेसातलं अंडं

रविवार, संध्याकाळ

त्या फेसाने जीव खाल्लाय. काल मैत्रिणीबरोबर, प्राजक्ताबरोबर, मुंबईला गेले, ते एका जुन्या हॉटेलचं नावाजलेलं कॉकटेल चाखायला. आमच्या सुरतेत दारूबंदी, म्हणून इतक्या लांब. घेतले दोनच घोट. दारूचं पाप मनाशी आधीच कबूल केलं होतं. पण वरचा पांढरा फेस अंड्याचा होता, हे प्राजक्ताने परतताना सांगितलं! पप्पा माळकरी, घरात अंडं येत नाही. आणि आज देवापुढे दिवा मी लावायचा.

राहवलं नाही. "आई, माझ्या पोटात अंडं गेलंय. दिवा लावू का?"

"कशातून गं? केकमधून?"

हो म्हणायला काय झालं होतं मला? "नाही. फेसातून."

"कसल्या फेसातून?"

मग सगळंच सांगितलं. आई वाती वळत होती. वळता वळताच म्हणाली, "आंघोळ कर आणि लाव दिवा. पप्पांना मी केकच सांगते."

पप्पा ऐकून बाहेर गेले आणि बिनअंड्याचा केक घेऊन आले. "एवढा आवडतो तर सांगायचं ना, बेटा!"

समोर ठेवलाय. वर पांढरं क्रीम आहे. मला फेसच दिसतोय.