पेट्रीनमावशीच्या जागेवर

ओलेसुंड, मे १९०६

प्रिय आईस,
सिवर्टचा प्रेमाचा नमस्कार. मी बरा आहे. तुझा खोकला कसा आहे?

दोन वर्षांपूर्वी सगळं गाव जळालं, त्या आगीनंतर इथे लाकडी घरांना बंदी झाली. दगडी घर पेट्रीनमावशीला कुठलं झेपणार? तिची जागा एका मासळीच्या व्यापाऱ्याने घेतली. तिथे आता मनोऱ्याची तीन मजली इमारत उभी आहे. दारावरची दगडी फुलं मीच कोरली.

काल मावशी बघायला आली. व्यापारी खेकसला, "ए बाई, सरक तिकडे, रंग ओला आहे!"

ती मला म्हणाली, "फुलं छान काढलीस हो." मग हळूच विचारलं, "माझी चूल कुठे होती रे?"

मी दारापासून पावलं मोजून पाहिली, पण जागा सापडली नाही.

शनिवारच्या बोटीने ती तुझ्याकडे कायमची येते आहे. नवं गाव कसं दिसतं, हे तिला विचारू नकोस.

तुझाच,
सिवर्ट